लेन्स नंतर बघू, आधी बुधवारचा बाजार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला बँकेत नोकरी, तीन वर्षांपूर्वी घेतलेला डीएसएलआर, सोबत कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स आणि जरा दूरचं टिपणारी ५५-२५०. रविवार मोकळा मिळाला की नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, सप्टेंबरात एकदा कासचं फुलांचं पठार, पावसाच्या तोंडावर काजव्यांसाठी भंडारदरा. फोटो शार्प येतात, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) चुकत नाही, ग्रुपवर लोक 'अप्रतिम' म्हणतात. पण तुम्हालाच ते दुसऱ्या कुणी काढल्यासारखे वाटतात. त्यात वहिनी म्हणाल्या, "हाच पक्षी मागच्या वर्षीपण होता ना?" सोमवार ते शनिवार कॅमेरा कपाटात, कारण रोजच्या जगण्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. मग आता लांबचे पक्षी जवळ आणणारी १५०-६०० लेन्स घ्यावी का, आणि मुळात आपल्या अंगात कल्पकता आहे का?

लेन्सचं शेवटी सांगतो, तो भाग सोपा आहे. कल्पकतेचं म्हणाल तर तुम्ही लिहिलंय त्यात मला तिची चणचण दिसत नाही, ओळखीची दिसते. नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर रविवारी साडेआठला जे दहा-पंधरा जण उभे असतात, त्यांच्यापुढे उजेड तोच, अंतर तेच आणि जांभळी पाणकोंबडीही तीच. त्यात तुमचा एकट्याचा फोटो वेगळा यावा तरी कसा? त्यासाठी शेजारी उभ्या असलेल्याला माहीत नाही असं काहीतरी तुम्हाला त्या जागेबद्दल माहीत हवं. वर्षाकाठी दोन-तीन फेऱ्यांत ते कळत नाही. तिथे आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्याला घरातली बैठकीची खोलीच दाखवतात.

आता, कुणालाही सरसकट लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. स्पर्धेत बक्षीस मिळवायचं असेल तर पुढे मी जे सांगणार आहे ते फारसं उपयोगाचं नाही. तिथे दुर्मीळ प्रजाती, शिकारीचा क्षण, पिसाचा तंतू न् तंतू लागतो, आणि त्याला मोठी लेन्स आणि मोकळे दिवस दोन्ही लागतात. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणं हा हेतू असेल तर फोटो 'वेगळा' येण्याची गरजच नाही. उलट तोच पक्षी त्याच पाणथळीवर त्याच आठवड्यात पुन्हा आला, हीच मोलाची नोंद. वहिनींना तसं सांगून बघा. घरात लहान मूल आहे का, फ्लॅट कुठल्या दिशेला आहे, पहाटे एकट्याने कॅमेरा घेऊन नदीकाठी उभं राहता येतं का, हे सगळं मधे येतं. (शेवटची गोष्ट पुरुषांना सहज वाटते. बायकांना विचारा.) पण तुमची तक्रार 'फोटो माझे वाटत नाहीत' अशी आहे, म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो.

माझं साताऱ्यात औषधांचं दुकान आहे. सकाळी साडेनऊपासून रात्रीपर्यंत काउंटर सुटत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत जे काही फोटो काढले ते बहुतेक दुकान उघडायच्या आधी, आणि घरापासून चालत जाता येईल एवढ्याच टापूत. नाइलाजाने लागलेली ही सवय पुढे मी मुद्दाम ठेवली.

तिचा पहिला फायदा उजेडाच्या बाबतीत होतो. सूर्योदयानंतरच्या कोवळ्या उजेडाला आपण सगळे 'गोल्डन अवर' म्हणतो, पण तो तास पुस्तकांतून आलाय, आणि ती पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेत लिहिलेली. तिकडे सूर्य तिरका तिरका वर चढतो. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, नाशिक वीस अंश उत्तरेला. आपल्याकडे तो जवळजवळ उभा चढतो. उगवल्यापासून सहा अंश वर यायला त्याला आपल्याकडे साधारण अर्धा तास लागतो, लंडनला भर हिवाळ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे आपला सोनेरी तास अर्ध्या तासाचा. मेच्या मध्यावर तर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, पायाखाली सावली नावालाही उरत नाही. तुम्ही नाशिकहून सहाला निघून, वाटेत मिसळ खाऊन साडेआठला पाण्याकाठी पोचता तेव्हा उजेड संपलेला असतो, उरतं ते ऊन. आणि ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते. दूरचा पक्षी त्या थरथरत्या हवेतून दिसतो, म्हणून मऊ येतो. हा दोष कितीही महागड्या लेन्सने जात नाही. हे तुमच्या लेन्सच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आताच झालं म्हणा.

घराजवळ फोटो काढणाऱ्याला तो अर्धा तास रोज मिळतो. शिवाय ढगाळ दिवस मिळतात, ज्यांना आपण उगाच 'उजेड नाही' म्हणून हिणवतो. पावसाळ्यातल्या ढगाखाली हिरवा रंग जितका भरून येतो तितका लख्ख उन्हात कधीच येत नाही, कारण पानांवरची पांढरी चमक नाहीशी होते. माणसांच्या चेहऱ्याचंही तेच, डोळ्यांखाली काळे खड्डे पडत नाहीत.

दुसरा फायदा जरा सविस्तर सांगतो, मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्या कंपाउंडला लागून जास्वंद आहे. साधी, लाल, एकेरी. तिच्यावर जांभळा शिंजीर येतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या लेखी हा पक्षी अगदीच सामान्य, कुणी कॅमेरा उचलत नाही. पण एकाच झुडपासमोर दोन-तीन ऋतू उभं राहिल्यावर काय काय दिसतं बघा. विणीचा हंगाम सरला की नराचा तो झगझगीत पेहराव जातो. तो मादीसारखा पिवळट-मातकट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ राहते. हिवाळा सरतो तसे काळे ठिपके वाढत जातात, काही दिवस तो अगदी गबाळा दिसतो, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा जांभळा. तेही खरं तर काळाच, कारण तो रंग पिसांत भरलेला नसतो, पिसांच्या रचनेवरून उजेड परततो तेव्हाच दिसतो. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर जांभळा-निळा उजळतो, बाजूला गेला की पक्षी डांबरासारखा.

आणखी एक. जास्वंदीच्या फुलात तो बहुतेकदा तोंडाकडून शिरतच नाही. फूल मोठं, मध खोल. तो देठाजवळ बसतो, पाकळ्यांच्या बुडाशी चोचीने भोक पाडतो आणि मागच्या दाराने मध पितो. परागीभवन वगैरे काही नाही, सरळ चोरी. आता हे माहीत असलेला माणूस कॅमेरा कुठे रोखेल? फुलाच्या तोंडावर नक्कीच नाही. तो देठाशी फोकस लावून ठेवेल, भोक पडलेली फुलं आधी शोधेल, आणि सूर्य पाठीशी येईल असा कोपरा धरेल. येणारा फोटो तुमच्या ५५-२५०ने निघतो, कारण रोज दिसणाऱ्या माणसाला शिंजीर पंधरा फुटांवर येऊ देतो. असा फोटो बघून लोक 'कुठे गेला होतात' विचारतात.

एक पथ्य मात्र पाळा. झुडपात घरटं सापडलं तर तिथून हला. घरट्याचे फोटो मी काढत नाही, फांद्या बाजूला सारून तर नाहीच. आपण मोकळी केलेली वाट कावळ्याला दिसते. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याबद्दलही माझं मत तेच.

आता रोजच्या जगण्यात काही नसतं या तुमच्या वाक्याकडे येतो. तुमच्याच शहरातलं उदाहरण घेऊ. गोदाघाटावर दर बुधवारी बाजार भरतो. नाशिककर त्याला इतके सरावलेत की तिथे कॅमेरा नेणं त्यांना वेडगळपणाचं वाटतं, आणि बाहेरून येणारा फोटोवाला रामकुंडावर तेच ते ओले साधू आणि तेच दिवे टिपून परततो. तुम्ही बँकेत जायच्या आधी तासभर, किंवा सुटल्यावर, एक बुधवार बाजारात काढा. मग पुढचा. पहिल्या दोन वेळा लोक कॅमेऱ्याकडे बघतील, पोरं पोज देतील, एखादी भाजीवाली "पेपरात येणार का?" म्हणून विचारेल. चौथ्या-पाचव्या वेळी तुम्ही तिथले होऊन जाता. तेव्हा कळतं की ताडपत्री कुठली निळी आणि कुठली पिवळी, पिवळ्या ताडपत्रीखाली टोमॅटोवर कसला रंग चढतो आणि निळ्याखाली माणसाचा चेहरा कसा आजारी दिसतो. तराजू कोण अजून दांडीचा वापरतं. जाताना मागच्या वेळच्या फोटोची एक प्रिंट नेऊन द्या. चार बाय सहाची प्रिंट चहाच्या किमतीत पडते, आणि पुढे परवानगी मागावी लागत नाही. तरी विचारावं, हे वेगळं.

याच घाटावर पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा सगळं शहर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर पुराचा अंदाज बांधतं. पुराच्या दिवशी शंभर मोबाइल त्या मूर्तीवर रोखलेले असतात. पण कोरड्या मार्चात तिच्या पायाशी कोण बसतं, हे बुधवारी येणाऱ्यालाच माहीत असतं. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय. जगभरचे कॅमेरे येतील, तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी भारी. त्यांच्याकडे त्या गर्दीचे फोटो असतील. गर्दी नसतानाचा घाट, त्याच पायऱ्यांवरचा, त्याच कोनातून टिपलेला, तो फक्त इथल्या माणसाकडे असू शकतो. आजपासून सुरुवात केली तरच.

घरातलंही तसंच. घरातल्या माणसांना कॅमेरा दिसला की ती ताठ होतात, म्हणून तो कपाटातून काढून टेबलावर ठेवा, येताजाता हातात घ्या, सगळे कंटाळेपर्यंत. आमची आई दारात बसून सुपात तांदूळ पाखडायची. सकाळचं ऊन दारातून तिरकं आत यायचं. तिच्यासमोरून बघितलं तर काही खास नाही. पण दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून बाजूने बघितलं, मागे घरातला अंधार येईल असं, की उडणारा कोंडा आणि धूळ त्या काळोखावर झळाळून उठायची. शटर १/१००० सेकंदाला ठेवलं तर दाणा न् दाणा हवेत थांबतो, आणि फोटो जरा निर्जीव वाटतो. १/६०ला दाण्यांच्या बारीक रेघा होतात, सूप हललेलं दिसतं, चेहरा मात्र स्थिर राहतो. मला दुसरा आवडतो. कुणी पहिला निवडेल. तुम्ही कल्पकता म्हणता ती माझ्या मते एवढीच जागा व्यापते: कुठल्या भिंतीला पाठ लावायची, आणि किती वेळ शटर उघडं ठेवायचं. बाकी सगळं आई करत होती.

तुमच्याकडे सूप नसेल. तवा तर आहे? खिडकीच्या उजेडात टम्म फुगलेल्या भाकरीची वाफ, मागे गडद काहीतरी ठेवून बघा. पाऊस टिपतानाही हेच लागू. पाऊस पांढऱ्या आभाळावर दिसत नाही, गडद झाडीवर दिसतो.

तांत्रिक बाजूत तुम्ही पक्के आहात असं दिसतंय, म्हणून एकच गोष्ट सांगतो, जी ऑटोवर राहिलेल्यांची हमखास चुकते. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतं. काळ्या म्हशीच्या पाठीवर गायबगळा बसलाय, फ्रेममध्ये म्हैसच म्हैस. मीटरला वाटतं अंधार आहे, ते एक्स्पोजर वाढवतं, म्हैस राखाडी होते आणि बगळा जळून निव्वळ पांढरा डाग उरतो. तिथे एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. बगळ्याच्या पिसाची घडी दिसली की झालं, म्हैस काळी राहिली तर बिघडलं कुठे, ती काळीच आहे. नुसता बगळा फ्रेम भरून असेल तेव्हा उलटं, थोडं वाढवायचं. हे नांदूर मध्यमेश्वरला शिकायला गेलात तर बगळा उडून जाईपर्यंत डायल सापडत नाही. गावाबाहेरच्या डबक्यावर शिका.

कासबद्दल साताऱ्याचा माणूस म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आलं, आणि तेव्हापासून सप्टेंबरात तिथे फुलांपेक्षा सेल्फी जास्त फुलतात. गालिच्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत. पण पठाराची खरी गंमत त्याच्या उपासमारीत आहे. खाली जांभा दगड, वर मातीचा पातळ थर, त्यात नत्र जवळजवळ नाही. म्हणून तिथे किडे खाणाऱ्या वनस्पती वाढल्या. दवबिंदूच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात, त्यात बारीक माशी अडकते. सीतेची आसवं म्हणून जी निळी-जांभळी फुलं आपण कौतुकाने टिपतो, त्यांची शिकार जमिनीखाली, ओल्या मातीत, इवल्याशा पिशव्यांत चालते. हे कळल्यावर माणूस दूरवरच्या गालिच्याकडे बघत नाही, वाटेच्या कडेला पोटावर झोपून वितभर तुकडा बघतो. तेवढ्या तुकड्याला किट लेन्स पुरते. अट एवढीच, की झोपताना पाय कुठे पडले ते बघायचं. फुलांवर झोपून काढलेला फुलांचा फोटो मला तरी बघवत नाही.

थोडक्यात आतापर्यंतचं: एक झुडूप, एक बाजार आणि घरातली एक खिडकी. तुमच्या रविवारच्या सहली बंद करा असं म्हणत नाही, त्या आनंदासाठी करा. फोटो 'माझे' होण्याचं काम मात्र या तीन जागांवर होईल.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. योसेफ सुडेक नावाचा चेक छायाचित्रकार होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. दुसऱ्या महायुद्धात प्राग शहर जर्मनांच्या ताब्यात होतं, मोठा कॅमेरा घेऊन रस्त्यावर हिंडणं धोक्याचं. तेव्हा त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढायला सुरुवात केली. काचेवरचं दव, बर्फ, पलीकडे बागेतलं एक वाकडं झाड, खिडकीत ठेवलेला पेला. १९४०ला सुरू केलेलं हे काम १९५४पर्यंत चाललं, म्हणजे युद्ध संपून बाहेर पडायची मुभा मिळाल्यावरही. खिडकी त्याला अपुरी वाटली नाही, यातच काय ते आलं.

निवडीबद्दल एक सांगायचं राहतं. तुम्ही रविवारच्या फेरीतले साठ-सत्तर फोटो त्याच रात्री ग्रुपवर टाकता असं लिहिलंय. टाकू नका. महिनाभर हार्ड डिस्कवर पडू द्या. काढताना झालेला आनंद ओसरला की मग उघडा. नाहीतर पहाटेची थंडी आणि चिखलातली चाल यांचेही गुण आपण फोटोला देतो, बघणाऱ्याला ती थंडी वाजलेली नसते. महिन्याभरानंतर जे पाच-सहा उरतील त्यांच्या छोट्या प्रिंट काढून फ्रिजवर लावा. ज्याच्याकडे बघणं आपोआप बंद होतं तो काढून टाका. घरच्यांना कुठला आवडतो तेही बघा, पण कारण विचारू नका. विचारलं की लोक शहाण्यासारखं काहीतरी सांगतात.

आता लेन्स. १५०-६००चं वजन दोन किलोच्या आसपास असतं. रोज दुकानात किंवा बँकेत जाताना ती कुणी बरोबर नेत नाही, म्हणजे ती रविवारचीच लेन्स होणार, आणि तुमची अडचण रविवारची नाही. त्याऐवजी ५० मिमीची एफ १.८ घ्या. स्वस्त आहे, हलकी आहे, संध्याकाळच्या बाजारात आणि घरातल्या उजेडात किट लेन्सपेक्षा तीन स्टॉपहून जास्त उजेड देते, आणि झूम नसल्यामुळे पाय हलवावे लागतात. तीही आत्ता नको असेल तर मोबाइल काढा, बुधवारच्या बाजाराला तो पुष्कळ झाला. पुढच्या थंडीतही मोठ्या लेन्सचा मोह राहिलाच तर नाशिक-पुण्यात ती दिवसाच्या भाड्याने मिळते. आठवड्याभरासाठी घ्या, सूर्योदयाच्या आधी पाण्यावर पोचा, मग ठरवा.

आणि कॅमेरा कपाटातच ठेवणार असाल तर निदान कपड्यांच्या कपाटात नको. पावसाळ्यात तिथे लेन्सला बुरशी धरते, ती काचेवर जाळ्यासारखी पसरते आणि साफ करून घेतली तरी डाग राहू शकतात. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल पुरे. निळे खडे गुलाबी झाले की ओलावा भरला समजायचं, ते बदलायचे.